नेते म्हणाले "निर्णय झाला", पण झालाय का? केंद्राच्या धोरणाबद्दलचं विधान घरबसल्या कसं तपासायचं (कांद्याच्या उदाहरणासकट)

फेब्रुवारी २०२४ कांदा पिकवणारा कुणीच विसरणार नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी चालू होती आणि मुदत होती ३१ मार्चपर्यंतची. १८ फेब्रुवारीला रविवारी बातमी फिरली की दिल्लीत मंत्र्यांच्या समितीची बैठक झाली, बंदी उठली, तीन लाख टन कांदा बाहेर जाणार, आणि नेत्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर तसं सांगितल्यावर शंका घ्यायचं कारण कुणाला वाटलं नाही. सोमवारी लासलगावला सरासरी भाव शनिवारच्या १२८० रुपयांवरून १८०० रुपये क्विंटलवर गेला. आणि लगेच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही, परिस्थितीत काही बदल नाही, ३१ मार्चपर्यंत आहे तशीच आहे.

सोमवारी ज्याने माल विकला त्याला चार पैसे मिळाले, ज्याने अजून चढेल म्हणून ट्रॅक्टर घरीच ठेवला तो अडकला, आणि चढ्या भावात घेऊन बसलेला व्यापारीही अडकला. नुकसान खरं, पैसे खरे, पण ज्याच्या जोरावर हे सगळं घडलं तो कागद निघालेलाच नव्हता.

म्हणून हा लेख. नेत्याचं विधान म्हणजे सरकारचा आदेश नव्हे, मग नेता सत्तेतला असो की विरोधातला, आणि हे तपासायला पत्रकार किंवा वकील असायची गरज नाही, मोबाईल आणि अर्धा तास पुरतो. खाली उदाहरणं मुद्दाम कांद्याचीच जास्त घेतलीत कारण त्यात तारखा, आकडे, खाती सगळं स्पष्ट आहे, पण हीच पद्धत खताच्या सबसिडीला, आरक्षणाला, पेन्शनला, रेल्वेच्या घोषणेला पण लागू पडते.

पायरी १: आधी विधान नेमकं काय आहे ते पकडा

चॅनेलच्या चौकोनी कार्डावर जे लिहिलेलं असतं ते विधान नसतं, ते कुणीतरी केलेलं त्याचं छोटं रूप असतं. त्यामुळे पूर्ण व्हिडिओ शोधा, नेत्याच्या स्वतःच्या फेसबुक, एक्स किंवा यूट्यूब पानावर बहुतेक वेळा असतोच, आणि आधीचं-नंतरचं एखादं मिनिट तरी ऐका. तारीख बघा. जुनं भाषण नव्या मथळ्याखाली फिरतं हे आता सगळ्यांना माहीत आहे तरी फॉरवर्ड करताना कुणी थांबत नाही.

मग क्रियापद बघा, खरंच सांगतो, अर्धं काम तिथेच होतं. "बंदी उठवली आहे" आणि "बंदी उठणार आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "केंद्राकडे मागणी केली आहे" म्हणजे काहीच झालेलं नाही, फक्त पत्र गेलंय. "केंद्र सकारात्मक आहे" म्हणजे बैठकीत कुणी नाही म्हटलं नाही. "तत्त्वतः मान्यता" म्हणजे पुढे वित्त खातं, मंत्रिमंडळ, अधिसूचना असा सगळा रस्ता अजून बाकी आहे. "लवकरच" ला तारीख नसते. हे शब्द वापरले म्हणून नेता खोटं बोलतोय असं नाही, उलट बरेच जण शब्द नीट जपून वापरतात, ऐकणारे आपणच त्याचा "झालं" असा अर्थ लावतो आणि मग बातमीचा मथळा पण तसाच होतो.

वहीत किंवा नोट्समधे एक ओळ लिहून ठेवा: कोण बोललं, कधी, कुठे, नेमके शब्द काय. पुढच्या सगळ्या पायऱ्या या ओळीवर चालतात.

पायरी २: ज्या खात्याचा विषय आहे त्या खात्याचा माणूस बोलतोय का

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्याची आणि समवर्ती म्हणजे दोघांची. परदेशी व्यापार आणि आयात-निर्यात हे केंद्राच्या यादीत आहे (नोंद ४१), निर्यात शुल्क पण केंद्राचंच (नोंद ८३). बाजार समित्या मात्र राज्याच्या अखत्यारीत. म्हणजे राज्यातला मंत्री "आम्ही निर्यात सुरू करतो" म्हणू शकत नाही, तो फक्त दिल्लीला सांगू शकतो. आणि खासदार लिलावातल्या वजनकाट्याबद्दल केंद्राला दोष देत असेल तर तोही चुकीच्या दारावर थाप मारतोय.

केंद्रातसुद्धा कांदा एका खात्याकडे नाही, इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. निर्यात बंद की चालू, आणि किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली परदेशात विकता येत नाही तो भाव) किती, हे वाणिज्य मंत्रालयाचं डीजीएफटी म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय ठरवून आदेश काढतं. निर्यात शुल्क किती टक्के हे वित्त मंत्रालयाचा महसूल विभाग. बफर स्टॉक म्हणजे सरकारी राखीव साठा आणि किरकोळ भावावर नजर ग्राहक व्यवहार खात्याची. प्रत्यक्ष खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था करतात. आणि कृषी मंत्रालय, ज्याच्याकडे आपण पहिल्यांदा बघतो, त्याच्या हातात यातलं फारसं काही नाही.

त्यामुळे एखादा मंत्री कांद्यावर बोलला की पहिला प्रश्न हाच: हा विषय यांच्या सहीने होतो का? होत नसेल तर विधान खोटं ठरत नाही, पण ते ऐकीव माहिती होते, आणि त्याला तेवढंच वजन द्यायचं.

पायरी ३: कागद शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे सवयीने विचारतात "जीआर निघाला का". जीआर राज्य सरकारचा असतो. केंद्राचा असा निर्णय अधिसूचनेने होतो आणि ती भारताच्या राजपत्रात छापली जाते. ईगॅझेट डॉट गव्ह डॉट इन वर राजपत्र फुकट मिळतं, तारीख आणि मंत्रालय टाकून शोधता येतं. पण कांद्यासारख्या विषयात थेट डीजीएफटीच्या साईटवर जाणं सोपं, तिथे रेग्युलेटरी अपडेट्समधे नोटिफिकेशन्सची म्हणजे अधिसूचनांची यादी तारखेप्रमाणे असते. शुल्काचं असेल तर सीबीआयसी म्हणजे महसूल विभागाच्या सीमाशुल्क मंडळाच्या साईटवर सीमाशुल्काच्या अधिसूचना.

डीजीएफटीच्या यादीत नोटिफिकेशन, पब्लिक नोटीस, ट्रेड नोटीस असे वेगवेगळे प्रकार दिसतील, घाबरू नका. धोरण बदलतं ते नोटिफिकेशनने. पब्लिक नोटीस म्हणजे प्रक्रिया कशी राहील ते, ट्रेड नोटीस म्हणजे व्यापाऱ्यांसाठी माहिती किंवा खुलासा. "बंदी उठली" असं कुणी म्हणत असेल आणि नोटिफिकेशन नसेल तर बंदी उठलेली नाही, विषय संपला.

कागद हातात आल्यावर चार गोष्टी बघा. एक, स्थिती काय लिहिली आहे: मुक्त, निर्बंधित (परवानगी घेऊनच) की प्रतिबंधित (पूर्ण बंद). दोन, लागू कधीपासून. तीन, कधीपर्यंत. चार, अटी. या चारपैकी दुसरी आणि चौथी गोष्ट भाषणात नेहमी गळते. उदाहरणार्थ कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क काढायची अधिसूचना २२ मार्च २०२५ ला निघाली, पण लागू झाली १ एप्रिलपासून. मधल्या दिवसांत "शुल्क गेलं" म्हणणारा खोटा नव्हता, पण त्या आठवड्यात माल पाठवणाऱ्याला शुल्क भरावंच लागणार होतं.

मुदतीचं पण तसंच. ३१ मार्च २०२४ ला बंदी आपोआप संपेल असं खूप जण धरून चालले होते कारण मूळ आदेशात ती तारीख होती. २२ मार्चला दुसरा आदेश निघाला, "पुढील आदेशापर्यंत". ज्यांनी फक्त जुनं विधान लक्षात ठेवलं त्यांना हे आठवड्याने कळलं.

पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, प्रसिद्धीपत्रक हा आदेश नाही, तो सरकारने स्वतःच्या निर्णयाबद्दल दिलेला मजकूर आहे. उपयोगी आहे, भाषा सोपी असते, मराठीत पण येतं, पण मूळ कागदाच्या जागी ते धरू नका. आणि "उच्चस्तरीय सूत्रांनी सांगितलं" या बातमीला तर कागदाच्या जवळपासही जागा नाही.

कागद सापडलाच नाही तर? मग वाक्य असं लिहायचं: "अमुक नेते असं म्हणाले, अधिसूचना अजून आलेली नाही." यात कुणाचा अपमान नाही आणि वाचणाऱ्याचं नुकसान नाही.

पायरी ४: नवीन आहे की जुनंच परत सांगितलंय

२७ एप्रिल २०२४, लोकसभेची निवडणूक ऐन भरात. सरकारकडून पत्रक आलं की सहा देशांना ९९,१५० टन कांदा निर्यातीला परवानगी. मथळे आले "मोठा दिलासा". आता बेरीज करून बघा. बांगलादेश ५० हजार टन, संयुक्त अरब अमिराती आधी १४,४०० मग १० हजार मग आणखी १० हजार, श्रीलंका १० हजार, बहरीन ३ हजार, मॉरिशस १,२००, भूतान ५५०. झाले ९९,१५०. म्हणजे फेब्रुवारी-मार्चपासून एकेका देशासाठी सुटी सुटी दिलेली परवानगीच एकत्र करून सांगितली होती. पत्रकातला आकडा बरोबर होता, पण शेतकऱ्याला वाटलं आज काहीतरी नवं मिळालं, आणि तसं काही नव्हतं. शिवाय ही निर्यात सरकारी पाठबळाच्या सहकारी संस्थेमार्फत, एनसीईएलमार्फत होती, कुणीही उठून कंटेनर पाठवावा अशी खुली नव्हती.

त्याच आठवड्यात विरोधकांनी आरोप केला की गुजरातच्या कांद्याला वेगळी वागणूक दिली. हे पण तपासू. २ हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगीचा आदेश खरोखर निघाला होता आणि त्यात गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला लागेल अशी अट होती, म्हणजे आरोपाला आधार होता. पण प्रमाण बघितलं तर एका बाजूला २ हजार टन आणि दुसऱ्या बाजूला ९९ हजार. "सगळी निर्यात गुजरातला दिली" असं जे फिरत होतं ते चूक, आणि "असं काही झालंच नाही" हे पण चूक. आपल्या आवडत्या पक्षाच्या बाजूने निकाल लागावा म्हणून तपासायला बसलात तर इथेच घसराल.

करायचं काय तर त्या विषयाच्या तारखांची एक यादी स्वतः बनवा. कांद्याची अशी होते: १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरपासून बंदी, २२ मार्च २०२४ ला बंदी बेमुदत, ४ मे ला बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क, १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य रद्द आणि शुल्क २० टक्क्यांवर, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. ही यादी फोनमधे असेल तर कुठलंही भाषण दोन मिनिटांत जागेवर बसतं. निवडणुकीच्या तारखा पण शेजारी लिहा, ४ मे ला बंदी उठली आणि नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मे ला होतं, त्यातून काय समजायचं ते ज्याचं त्याने ठरवावं पण दोन्ही तारखा समोर असल्या पाहिजेत.

पायरी ५: आकडा आला की तो उलगडा

राजकीय भाषणातला आकडा बहुतेक वेळा पूर्ण खोटा नसतो. तो सोयीच्या मापात सांगितलेला असतो.

४ मे नंतर "निर्यात खुली झाली" हे विधान घ्या. खरं आहे. आता ५५० डॉलर टन म्हणजे काय ते काढा: डॉलर ८३ रुपये धरला तर किलोला ४५-४६ रुपये. त्याच्या खाली परदेशात विकायचं नाही. त्यावर ४० टक्के शुल्क म्हणजे आणखी १८ रुपये. बंदरावरच ६४ रुपयांच्या आसपास, वाहतूक-पॅकिंग वेगळं. परदेशातल्या गिऱ्हाईकाला दुसऱ्या देशाचा कांदा स्वस्त मिळत असेल तर तो आपला का घेईल? म्हणजे दार उघडलं पण उंबरा कंबरेएवढा ठेवला. कागदावर खुली, व्यवहारात अडलेली, आणि दोन्ही बाजूंचे नेते आपापला अर्धा भाग सांगत होते.

दुसरं, "सरकार २ लाख टन कांदा २४१० रुपये क्विंटलने खरेदी करणार", ऑगस्ट २०२३ मधली घोषणा. दोन लाख टन ऐकायला प्रचंड वाटतं. देशाचं त्या वर्षीचं कांद्याचं उत्पादन साधारण ३०० लाख टन होतं. म्हणजे एक टक्क्यापेक्षा कमी. शिवाय खरेदी कुठल्या केंद्रावर, कुठल्या प्रतीची, थेट शेतकऱ्याकडून की संस्थेमार्फत, हे घोषणेत नसतं आणि भाव तिथेच ठरतो. २४१० ला काही जण "हमीभाव" म्हणाले, तो हमीभाव नव्हता, कांदा केंद्राच्या हमीभावाच्या पिकांत नाहीच.

हमीभावावरून आठवलं, "उत्पादन खर्चाच्या दीडपट दिला" आणि "दीडपट दिलाच नाही" ही दोन विधानं वर्षानुवर्षं एकमेकांवर आदळतात आणि दोन्हीकडचे लोक छातीठोक बोलतात. कारण खर्च मोजायच्या पद्धती वेगळ्या. सरकार ए-टू अधिक एफएल धरतं, म्हणजे रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. शेतकरी संघटना सी-टू मागतात, त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज पण येतं. कुठला खर्च धरला हे न सांगता केलेलं "दीडपट" हे विधान तपासताच येत नाही, आणि माझ्या मते सी-टू टाळून बोलणं हे शेतकऱ्यावर अन्याय करणारं आहे कारण जमीन फुकट नसते.

अर्थसंकल्पाच्या आकड्यांचं थोडक्यात: एकाच खर्चाचे तीन आकडे असतात, अंदाजपत्रकी, सुधारित आणि प्रत्यक्ष. भाषणात पहिला येतो. पीएम-किसानसाठी २०१९-२० ला ७५ हजार कोटींची तरतूद होती, प्रत्यक्ष खर्च सुमारे ४८,७०० कोटी झाला. इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन वर तिन्ही मिळतात, फक्त प्रत्यक्ष आकडा दोन वर्षांनी येतो म्हणून तेवढी वाट बघायला लागते.

पायरी ६: संसदेत काय सांगितलं ते बघा

सभेत, पत्रकार परिषदेत बोललेलं आणि सभागृहात लेखी दिलेलं यात खूप फरक आहे. सभागृहात मंत्र्याने चुकीची माहिती दिली तर खासदार अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली ती दाखवून देऊ शकतो, त्यामुळे लेखी उत्तरं खाती जपून तयार करतात. संसद डॉट इन वर लोकसभा आणि राज्यसभेचे प्रश्न शोधता येतात, मंत्रालय आणि विषयाचा शब्द इंग्रजीत टाकायचा. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न होतात, अतारांकितला फक्त लेखी. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित येतात, म्हणजे तुमच्या विषयावर कुणीतरी कधीतरी विचारलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. उत्तराला जोडलेल्या परिशिष्टात राज्यवार, वर्षवार तक्ते असतात, ते सोनं आहे.

मंत्री सभागृहात "तपासून माहिती देऊ", "विचार करू" म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं, त्यासाठी वेगळी आश्वासन समिती आहे आणि साधारण तीन महिन्यांत ते पूर्ण करणं अपेक्षित असतं. आपल्या खासदाराने प्रश्न विचारला होता का हे पण तिथेच दिसतं. गावात येऊन "मी दिल्लीत आवाज उठवला" म्हणणाऱ्याचं नाव शोधात टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ७: तरी सापडलं नाही तर माहिती अधिकार

आरटीआय ऑनलाईन डॉट गव्ह डॉट इन, केंद्राच्या खात्यांसाठी. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

बहुतेक अर्ज फुकट जातात ते प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे. "सरकारने बंदी का उठवली नाही" विचारलं तर उत्तर येईल की हे कायद्यातल्या "माहिती"च्या व्याख्येत बसत नाही. कागद मागा: "अमुक तारखेच्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त", "अमुक तारखेपर्यंत एनसीईएलमार्फत देशनिहाय प्रत्यक्ष निर्यात झालेलं प्रमाण टनात", "महाराष्ट्रात नाफेडने जिल्हानिहाय खरेदी केलेलं प्रमाण आणि दर". एका अर्जात एकच विषय, अर्ज ५०० शब्दांच्या आत. मंत्रिमंडळाचे कागद निर्णय होईपर्यंत देत नाहीत, झाल्यावर मागता येतात.

पायरी ८: आता पुढे पाठवा, आणि नेत्यालाही विचारा

ग्रुपवर टाकताना तीन गोष्टी एकत्र टाका: विधान त्याच्या शब्दांत, अधिसूचनेची तारीख आणि लिंक (किंवा "नाही" असं स्पष्ट), आणि अट किंवा मुदत असेल तर ती. लांब टीका नको, ती कुणी वाचत नाही आणि मग वाद पक्षावर जातो, मुद्दा बाजूला राहतो.

सभेत किंवा दौऱ्यावर नेते भेटले तर "निर्णय कधी" विचारू नका, त्याला "लवकरच" हे उत्तर तयार असतं. विचारा: "साहेब, अधिसूचना क्रमांक काय? लागू कधीपासून? अट काय आहे?" आमदार असतील तर विचारा की केंद्राला पत्र पाठवलंय म्हणताय त्याची प्रत मिळेल का. ताई असोत की दादा, आदराने विचारलेल्या अशा प्रश्नाला कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी शेजारी उभ्या असलेल्या पन्नास लोकांना उत्तर मिळालेलंच असतं. खासदाराला ईमेल करायचा असेल तर अधिवेशनाच्या निदान तीन-चार आठवडे आधी करा, कारण प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते, अधिवेशन चालू झाल्यावर जागं होऊन उपयोग नाही.

आणि ज्या दिवशी बाजारात अशी बातमी येईल त्या दिवशी माल न्यायचा की ठेवायचा हे ठरवायच्या आधी डीजीएफटीची यादी उघडा. घरातल्या एखाद्या पोराला-पोरीला ते पान फोनवर सेव्ह करून द्यायला सांगा, म्हणजे लिलाव सुरू व्हायच्या आत बघून होतं.